रोज पाच मिनिटांचं इंजिन

आमच्या बाबांनी सहा वर्षं एक गाडी रोज चालू केली आणि चालवली मात्र नाही. हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही, कारण त्यातली पाच वर्षं मीही हसतच होते.

गाडी साधीच. पांढरी, आठशे सीसीच्या आतली, तीन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, वय वर्षं वीस. बाबा एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तेव्हा फंडातून त्यांनी ती घेतली. जन्मभर दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारलेल्या माणसाला साठीला आल्यावर स्वतःच्या मालकीचं एक यंत्र मिळालं. पहिली चौदा वर्षं त्यांनी ती हौसेने चालवली. दादरला भाजीला, प्रभादेवीला मंगळवारी दर्शनाला, उन्हाळ्यात एकदा आईच्या माहेरी. मला मात्र कधी हात लावू दिला नाही. माझ्याकडे परवाना आहे, ऑफिसच्या कामासाठी मी भल्याथोरल्या गाड्या चालवलेल्या आहेत. पण ते म्हणायचे, "क्लच जाळशील," आणि विषय संपायचा.

मग गिरगावात गाडी ठेवायच्या जागांचे दिवस फिरले. इकडे मेट्रोचं खोदकाम, तिकडे चाळी पाडून उठलेले टॉवर, आणि गल्ली होती तेवढीच. आमच्या इमारतीच्या भिंतीलगत, गटाराच्या झाकणापासून विजेच्या पेटीपर्यंत, एक छोटी गाडी मावेल एवढी जागा बाबांची आहे. कागदावर कुठेच नाही, पण सगळी गल्ली ते मानते. मात्र त्या मानण्याला एक अट आहे. गाडी उभी आहे तोवर जागा तुमची, गाडी हलली की जो आधी येईल त्याची. ह्यावरून आमच्या गल्लीत सख्ख्या भावांनी अबोला धरलेला आहे.

तेव्हा बाबांनी गाडी हलवणंच बंद केलं. दर सहा महिन्यांनी धुराच्या तपासणीला आणि पेट्रोल भरायला कोपऱ्यावरच्या पंपावर तेवढी न्यायची. त्या अर्ध्या तासात आई प्लॅस्टिकची खुर्ची टाकून त्या रिकाम्या जागेत बसायची आणि बिरड्याचे वाल सोलायची. जागेवर ठाण मांडून बसलेल्या सत्तरीच्या बाईला उठवायची हिंमत मुंबईत अजून कुणात नाही.

पण गाडी नुसती उभी ठेवली तर इंजिन धरतं, आतून जाम होतं, हे बाबांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी नेम केला. सकाळी आंघोळ, पूजा, मग देवावरचं एक फूल घेऊन तीन जिने उतरायचे. फूल डॅशबोर्डवर ठेवायचं, किल्ली फिरवायची आणि घड्याळ लावून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. सहाही नाही आणि चारही नाही. इंजिन पहिल्या फटक्यात चालू व्हायचं. सहा वर्षांत एकदाही दुसऱ्यांदा किल्ली फिरवावी लागली नाही. वर स्वयंपाकघरात आई म्हणायची, "उठली माझी सवत." शनिवारी ते बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढायचे, फडक्याने पुसायचे, परत बुडवून बघायचे आणि वर येऊन जाहीर करायचे, "एक थेंब कमी नाही." ते ऐकून मी पेपरामागे हसायचे. मला वाटायचं, बाबांनी घरात देव होते तेवढे पुरे नव्हते म्हणून खाली एक नेऊन बसवलाय.

मागच्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला आणि माझं हसणं थांबलं. तीन आठवड्यांनी घरी आले ते निम्मे होऊन. डॉक्टरांनी गोळ्यांहून जास्त जोर चालण्यावर दिला. म्हणाले, ऐंशीच्या माणसाने एकदा पलंग धरला की तो सुटत नाही. आणि बाबांनी पलंग धरलाच. फिरायला चला म्हटलं तर पाय दुखतात. केस कापायला चला म्हटलं तर न्हाव्यालाच वर बोलवा. नाक्यावर त्यांच्या बरोबरीचे म्हातारे जमायचे, त्यांच्याकडेही पाठ फिरवली. आई दमली, मी चिडले, काही उपयोग झाला नाही.

मग एका सकाळी ते आपणहून उठले, फूल घेतलं आणि कठडा धरून खाली गेले. गाडीसाठी. पाच मिनिटांनी गाडी बंद झाली आणि वीस मिनिटांनी ते वर पोचले. दुसऱ्या दिवशी परत गेले. अठ्ठेचाळीस पायऱ्या खाली, अठ्ठेचाळीस वर, रोज. दिवसभरात त्यांची हालचाल म्हणाल तर तेवढीच. खालून इंजिनाचा आवाज आला की आई हातातला झारा थांबवून ऐकायची. सवत वगैरे म्हणणं तिने बंद केलं. मला ती एकदा ओट्याशी उभी राहून हळूच म्हणाली, "ती आहे तोवर हे उतरतायत गं." त्या दिवसापासून ती पाच मिनिटं मीही कान देऊन ऐकू लागले.

अशा वेळी गाडीला वीस वर्षं पूर्ण झाली. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी परत करून घ्यावी लागते. आरटीओत गाडी तपासतात, पास झाली तर पुढची पाच वर्षं तिची, नाही झाली तर भंगारात. त्याच्या तयारीला धुराची तपासणी करायला म्हणून इमारतीतल्या एका मुलाने गाडी पंपावर नेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती नापास झाली. यंत्राने आकडा दाखवला तो मर्यादेच्या दुपटीच्या वर. पंपावरचा माणूस म्हणाला, मेकॅनिकला दाखवा.

बाबांनी त्याच दिवशी बॉनेट उघडून तेलाचं झाकण काढलं. इतकी वर्षं पट्टी बघत होते, झाकण कधी उघडलं नव्हतं. वर आले तेव्हा चेहरा पार उतरलेला होता. "तिच्या पोटात दही झालंय," ते म्हणाले. मी खाली जाऊन बघितलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा चिकट थर. इंजिनाच्या तेलात असं काही असू नये एवढं मलाही कळत होतं.

मी त्याचा फोटो काढला आणि लोअर परळला ऑफिसशेजारी काचेची भिंत असलेलं एक गॅरेज आहे, तिथे दाखवला. टाय लावलेल्या तरुणाने फोटो दोन बोटांनी मोठा केला. म्हणाला, "मॅडम, हेड गॅस्केट गेलंय. पाणी तेलात मिक्स होतंय. इंजिन ओपन करावं लागेल. ह्या वयाच्या गाडीला वर्थ नाही, स्क्रॅपला द्या ना." त्याचंही बरोबर होतं, इंजिनात पाणी शिरलं की असाच पांढरा थर धरतो. मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचा मला संताप आला होता. वीस वर्षांच्या डब्यासाठी रडायचं? पण मला दिसत होते ते बाबा, पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

लिफ्टमन लालबागचा. त्याने विचारलं, मी सांगितलं. "ताई, फोटोवरून इंजिनाचं दुखणं कळतं होय? आमच्या मेस्त्रीला दाखवा."

मेस्त्री म्हणजे पासष्टीच्या पुढचे गृहस्थ, मूळचे मालवणकडचे. ऐन विशीत गिरणीत सूतखात्यातली यंत्रं सांभाळायला लागले होते. संपानंतर गिरणी गेली आणि त्यांनी लालबागच्या एका गल्लीत, जुन्या चाळीच्या पोटात, गाड्या दुरुस्त करायला सुरुवात केली. शनिवारी ते स्वतः स्कूटरवरून आमच्याकडे आले. बाबांनी किल्ली त्यांच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "पहिल्या फटक्यात चालू होते हो," ते म्हणाले. लग्नात मुलीची पाठवणी करताना बाप सांगतो, जेवायला तिला ताक लागतं म्हणून, तसंच. मेस्त्री म्हणाले, "काका, उद्या सांच्याक परत आणतंय." आई खुर्ची घेऊन खाली उतरली (रात्री नुसती खुर्चीच पहाऱ्याला राहणार होती), मी मेस्त्रींच्या शेजारी बसले, आणि बाबा गॅलरीत उभे राहून बघत होते.

लालबागला पोचल्यावर मेस्त्रींनी काहीच केलं नाही. दोन चहा सांगितले. इंजिन निवल्याशिवाय रेडिएटरच्या पाण्याचं झाकण उघडायचं नसतं, अंगावर उकळतं पाणी येतं, म्हणाले. तासाभराने त्यांनी ते उघडलं. आत पाणी काठोकाठ, स्वच्छ, कूलंटचं हिरवं. वर तेलाचा तवंग नाही. मग इंजिन चालू करून ते त्या पाण्याकडे बघत बसले. एक बुडबुडा आला नाही. "गॅस्केट गेला असता तर हयसर भाताच्या पेजेसारखा उकळाक लागला असता," ते म्हणाले.

मग त्यांनी गाडी बंद करून तिन्ही प्लग काढले आणि एकेका भोकात दाब मोजायचं मीटर लावलं. मला आत बसून स्टार्टर मारायला सांगितलं. तीन वेळा मारला, तीन वेळा काटा जवळपास एकाच जागी जाऊन थांबला. ते माझ्याकडे बघून हसले. "तिन्ही भाव एका उंचीचे. ताई, ह्या इंजिनाक काय्येक झाला नाय."

"मग ते पांढरं?"

त्यांनी तेलाची पट्टी काढली, बोटावर थेंब घेतला आणि माझ्या नाकाखाली धरला. पेट्रोलचा वास. मग पट्टी मला दाखवली. तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. बाबांचं शनिवारचं वाक्य मी त्यांना सांगितलं. एक थेंब कमी नाही.

"कमी होईल कसं? वाढलंय." मेस्त्री आता सावकाश, माझ्यासाठी शुद्ध बोलायला लागले. "थंड इंजिन चालू केलं की ते जास्त पेट्रोल पितं. सगळं जळत नाही, थोडं खाली तेलात झिरपतं. शिवाय पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते. गाडी रस्त्यावर पाऊण तास पळाली तर इंजिन तापतं, ते पाणी, ते पेट्रोल सगळं उडून जातं. पण पाच मिनिटांत काय तापणार? तेवढ्यात काकांनी बंद केली. दुसऱ्या दिवशी परत. हे पांढरं म्हणजे रोजचं साठलेलं पाणी. रोग नाही हा. हिला कुणी कधी गरम होऊच दिली नाही."

मी त्या लोखंडाकडे बघत उभी राहिले. म्हणजे बाबा काहीच न करता ती तशीच उभी ठेवते तर बरी राहिली असती. जे काही बिघडलं ते त्या पाच मिनिटांनी, त्या फुलाने, त्या घड्याळाने. अति तिथे माती म्हणतात, पण हे अतिही नव्हतं, रोजचं थोडंथोडंच होतं.

"आणि तरी ती रोज चालू व्हायची," मी म्हणाले.

मेस्त्रींनी माझ्या मोबाइलचा दिवा मागितला आणि प्लगच्या भोकातून आत प्रकाश टाकला. मी एक डोळा मिटून वाकून बघितलं. खाली एक काळी, गोल, वाटीच्या तळाएवढी टिकली दिसली. त्यांनी पुढून पान्याने इंजिन हाताने फिरवलं आणि ती टिकली सावकाश वर आली, माझ्या डोळ्याकडे, आणि परत खाली गेली. तो पिस्टन. इतकी वर्षं त्या गाडीत बसून मी दादर, प्रभादेवी केलं होतं आणि हे माझ्या गुडघ्यांपुढे हातभर अंतरावर चाललेलं होतं.

"रस्त्यावर मिनिटाला तीन हजार फेरे धरा," मेस्त्री म्हणाले. मी मनात भागाकार केला. सेकंदाला पन्नास. मी एकदा डोळ्याची पापणी लवेपर्यंत ही टिकली कितीदा वर जाऊन खाली येत असेल आणि दर दुसऱ्या खेपेला तिच्या डोक्यावर ठिणगी पडत असेल. वीस वर्षांचा हिशोब करायला मी मोबाइल उघडला आणि तसाच बंद केला.

"आणि एक सांगू? लोखंड लोखंडाला लागत नाही. मधे तेल असतं, केसाहून पातळ. सगळं त्याच्यावर तरंगतं. तेल हटलं आणि लोखंड लोखंडाला लागलं की संपलं." त्यांनी पट्टीवरचा तो पेट्रोलचा वास मारणारा थेंब परत दाखवला. "ह्या असल्या पाणचट तेलावर सहा वर्षं तरंगली ती. बनवणाऱ्याला नमस्कार करावा." आणि त्यांनी खरोखरच तेलकट हाताने इंजिनाला नमस्कार केला. बाबा खाली जाऊन फूल ठेवायचे तेव्हा मला हसू यायचं. ह्या वेळी आलं नाही.

जुनं तेल त्यांनी रात्रभर निथळत ठेवलं. काळं, चहासारखं पातळ तेल होतं ते. सकाळी नवं तेल, नवा फिल्टर, घासून लख्ख केलेले प्लग, आणि मग रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर ते मला म्हणाले, "तुम्ही चालवा. मला ऐकायचंय." गिरणीत शेकडो यंत्रांच्या धडधडाटात ते एका यंत्राचं दुखणं हात लावून ओळखायचे, असं त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. आता ते शेजारी बसून डॅशबोर्डवर तळहात टेकून होते.

मी बाबांच्या गाडीचा क्लच आयुष्यात पहिल्यांदा दाबला. शिवडीच्या गोदामांच्या रस्त्याला ट्रक ओळीने उभे होते आणि माणूस नव्हता. तिथून वडाळ्याकडे, मग फ्रीवेवर. मेस्त्रींनी वरचा गिअर टाकू दिला नाही. "तिसऱ्यातच ठेवा. ओरडू दे." मागच्या आरशात पांढऱ्या वाफेचा लोट दिसत होता. मला वाटलं पेटली. ते म्हणाले, "पाणी जातंय. सहा वर्षांचं आहे, जाऊ दे." चेंबूर येईपर्यंत लोट विरळ झाला, परतीच्या वाटेवर आरसा स्वच्छ. आणि इंजिनाची घरघर कधी थांबली मला कळलंच नाही. एक सलग, गोल, शांत आवाज राहिला. एवढंसं यंत्र, एका माणसाला उचलता येईल इतकं, आणि त्याच्यात ही ताकद होती, सगळा वेळ होती, आमच्या भिंतीला लागून.

खाली उतरल्यावर मेस्त्रींनी अट घातली. आठवड्यातून एकदा तासभर पळवा. जमत नसेल तर हात लावू नका, बॅटरीची तार काढून ठेवा. पण पाच मिनिटांचा नेम बंद. "काकांना सांगू मी?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. "मी सांगते."

आणि घरी येऊन मी खोटं बोलले. बाबांनी विचारलं काय झालं होतं, तर मी म्हणाले, हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात ना, जुन्या गाड्यांना सोसत नाही. त्यांना ते लगेच पटलं. नव्या जमान्याने काहीतरी बिघडवलंय हे ऐंशीच्या माणसाला पटवायला कष्ट पडत नाहीत. धुराची तपासणी पास झाली. आरटीओत साहेबांनी बॉनेटखाली डोकावून बघितलं, नंबर ताडून बघितला आणि पाच वर्षं दिली. बाबांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल घेऊन ते खाली गेले, आणि खालून पाच मिनिटं इंजिनाचा आवाज आला.

आता मी कात्रीत सापडले. खरं सांगावं तर बाबा खाली उतरायचे थांबणार. न सांगावं तर ते रोज आपल्या हाताने तिला मारणार, आणि ती गेली की उतरायचे थांबणारच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चालू दे गं. पाच वर्षं मिळालीत ना? तेवढी पुरे आम्हाला." मला तिचं म्हणणं खोडता आलं नाही. दोन आठवडे मी रोज सकाळी तो थंड, घोगरा आवाज ऐकत दात घासले. पंधराव्या दिवशी ते वर आल्यावर मी गुपचूप खाली गेले, झाकण उघडलं आणि आत बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी मी सगळं सांगितलं. मेस्त्रींनी सांगितलं तसं, त्याच क्रमाने. बाबांनी मधे अडवलं नाही. हेडक्लार्क माणूस, फाईल पुरी वाचल्याशिवाय शेरा नाही.

"म्हणजे तेल वाढत होतं," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"आणि मी दर शनिवारी सांगत होतो."

"हो, बाबा."

"तरी रोज चालू व्हायची."

"हो."

"पहिल्या फटक्यात," ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि पुसतोय हे लपवलं नाही. माझ्यावर रागावले असते तर मला सोसलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं. इतकं निखळ नवल मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी बघितलेलं नव्हतं. "मी रोज विष घालत होतो आणि ती रोज हो म्हणत होती," एवढं बोलून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते खाली गेले नाहीत. तिसऱ्याही नाहीत. पूजा करून परत पलंगावर. आईने माझ्याशी बोलणं टाकलं. शनिवारपर्यंत बोलली ती एकदाच, "मोठी सत्यवादी लागून गेलीस," आणि पानात भाजी आदळली. शुक्रवारी, शनिवारी तेच. शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांना फोन करावा ह्यावर आमचं एकमत झालं, आणि भांडणात झालेलं ते एकमेव एकमत फार वाईट वाटलं. त्या रात्री मला स्वतःची चीड आली. काय गरज होती? इंजिनाचं खरं माणसाहून मोठं होतं का?

रविवारी सकाळी सात वाजता बाबा माझ्या खोलीच्या दारात उभे होते. पायात बूट होते. आजारपणानंतर त्यांनी बूट घातलेच नव्हते, सपाता घालूनच खाली जायचे. हातात किल्ली.

"ऊठ," ते म्हणाले. "तू चालव. मला आता जमायचं नाही."

खाली आलो तर दुसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू आपली गाडी कुठे लावावी ह्या विवंचनेत गल्लीच्या तोंडाशी घुटमळत होते, रोजच्यासारखे. बाबांनी त्यांना हाताने खूण करून बोलावलं. "आम्ही निघालो की इथे लावा," ते म्हणाले. त्या गृहस्थांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मलाही क्षणभर वाटलं. मी म्हणाले, "बाबा, मग परत मिळायची नाही." ते म्हणाले, "ठाऊक आहे. ह्याच जागेपायी झालं सगळं." आणि दार उघडून आत बसले.

आम्ही चौपाटीवरून गेलो, मग वरळी, प्रभादेवी, दादर. बाबा रस्त्याकडे बघतच नव्हते. तापमानाच्या काट्याकडे बघत होते. तो खालून उठला, सावकाश वर आला आणि मध्यावर स्थिर झाला, तेव्हा त्यांनी तिथे बोट टेकवलं आणि दाखवलं, मला दिसत नसल्यासारखं. दादरपाशी सिग्नलला थांबलो असताना ते कान लावून ऐकत होते. "हिचा आवाज असा आहे होय," ते म्हणाले. "मी विसरलोच होतो." पुढे फ्रीवेवर चढल्यावर मी हळूच त्यांच्याकडे बघितलं, तर तोंड किंचित उघडं, लहान मुलं आतषबाजी बघतात तसं. मी क्लच जाळला नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं असावं, पण ते कबूल करायला जीभ वळली नाही.

परतलो तर आमची जागा अर्थातच गेलेली. तीन गल्ल्या फिरलो. एका ठिकाणी पोलिसाने हाकललं, एका ठिकाणी खुर्ची ठेवलेली होती आणि त्या खुर्चीचा मान राखणं आम्हाला भागच होतं. शेवटी पार खेतवाडीच्या पुढे, एका शाळेच्या भिंतीलगत कशीबशी जागा मिळाली. तिथून घर म्हणजे माझ्या पावलांनी बारा मिनिटं. मी म्हणाले, टॅक्सी करू. त्यांनी ऐकलं नाही. ते निघालेच. दोनदा थांबले, एकदा पानवाल्याच्या फळीला टेकून, एकदा कुणाच्या ओट्यावर बसून. नाक्यावरच्या म्हाताऱ्यांनी त्यांना बघितलं आणि आरडाओरडा केला. पाऊण तासाने आम्ही इमारतीत शिरलो आणि ते एकेक पायरी चढून वर आले.

आई गॅलरीत उभी होती. तिने खाली बघितलेलं होतं, आमच्या जागेवर दुसऱ्याची गाडी. ती घाबरून म्हणाली, "अहो, गाडी कुठाय?"

बाबा खुर्चीत बसले. धाप लागली होती. बुटाचे बंद सोडायला ते वाकले आणि तसेच, मान वर न करता म्हणाले, "लांब आहे. रोज जाऊन बघून यावं लागेल."